कोठारं एकाची, उपदेश दुसऱ्याला

गेले दोन महिने एक विषय डोक्यातून जात नाहीये. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण इथे येणाऱ्यांत निम्मे ब्लॉगमित्र आणि निम्मे नातेवाईक. ब्लॉगमित्रांना नाही पटलं तर ते फार तर यायचे बंद होतील. नातेवाईक मात्र लग्नाकार्यात समोर येऊन बसतात! पण पंच्याहत्तरी आली, आता नाही लिहायचं तर कधी?

विषय जुनाच आहे. ऐहिक गोष्टींचा हव्यास सोडा, त्या व्यर्थ आहेत, आत्मिक जीवनाकडे लक्ष द्या. हा उपदेश मी समजायला लागल्यापासून ऐकते आहे. आमचे वडील तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मास्तर, रविवारी उपासनेत पेटी वाजवायचे. घरात पवित्र शास्त्र, उपासना संगीत आणि ज्ञानोदयाचे जुने अंक एवढीच ग्रंथसंपदा. तेव्हा हा उपदेश माझ्या हाडीमाशी आहे, त्यावर माझा विश्वास आहे, आणि माझं भांडण त्याच्याशी अजिबात नाही. भांडण आहे ते हा उपदेश कोण कोणाला करतं याच्याशी.

आधी दाखल्याबद्दल. आमच्यापैकी नसलेल्या वाचकांसाठी सांगते, येशूने सांगितलेल्या गोष्टींना आम्ही दाखले म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक धनवान आहे. त्याच्या जमिनीला भरघोस पीक येतं. ठेवायला जागा पुरेना, म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं तो ठरवतो आणि स्वतःलाच सांगतो की आता बरीच वर्षं काळजी नाही, खा, पी, मजा कर. देव त्याला मूर्ख म्हणतो. आज रात्रीच तुझा जीव मागितला जाणार आहे, मग हे जमवलेलं कोणाचं होणार असं विचारतो. संपली गोष्ट.

छत्तीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे सर्वनामांकडे माझं लक्ष आपोआप जातं. हा गृहस्थ माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझा जीव याच्या पलीकडे एक वाक्य बोलत नाही. सल्ला घेतो तोही स्वतःचाच. अख्ख्या गोष्टीत दुसरं माणूस नाही. पेरणारा नाही, कापणारा नाही, बायको नाही, भाऊ नाही, बहीण नाही. एवढं पीक घरात आणलं कोणी? त्याच्या व्यर्थपणाची मेख मला इथे दिसते. धान्य वाईट नाही, कोठारही वाईट नाही. पण ज्यांच्या हातांनी ते भरलं त्यांना त्याने हिशोबातून आधीच काढून टाकलंय.

आणि हा दाखला येशूने का सांगितला हे किती जणांच्या लक्षात असतं? आमच्याकडे दाखला वाचतात तो धनवानापासून. त्याच्या तीन-चार ओळी आधी गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. म्हणजे वाटणीचं भांडण! येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? मग लोभापासून सावध राहायला सांगतो आणि मग ही गोष्ट येते.

पनवेलला राहणाऱ्या माणसाला हे वाचताना वेगळं काही सांगावं लागत नाही.

मी १९७४ साली नोकरीसाठी इथे आले. तेव्हा पनवेल म्हणजे वडाळे तळं, एस.टी. स्टँड, बाजारपेठ आणि गावाबाहेर पडलं की भातशेती. खाडीच्या बाजूला खारजमीन आणि मिठागरं. सिडको १९७० ला स्थापन झालेली होती, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरलं होतं, पण ते प्रकरण काय आहे हे तेव्हा आम्हा मास्तरलोकांना फारसं कळत नव्हतं. कळलं ते जानेवारी १९८४ मध्ये. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या भावासाठी रस्त्यावर आले, जासईच्या बाजूला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या आंदोलनातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. विमानतळासाठी दहा गावं उठली तेव्हा हा आकडा साडेबावीस टक्क्यांवर गेला. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि आता विमानंही उडतात. नैना, अटल सेतू, महानगरपालिका... ज्या गुंठ्याला पूर्वी कोणी विचारत नव्हतं त्याच्यावरून आज भाऊ भावाशी बोलत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करते. १९८४ साली हक्काचा मोबदला मागणाऱ्यांना कोणी लोभी म्हणालं नाही. म्हणायला नकोच होतं. त्यांनी जमीन मागितली नव्हती, अन्याय होऊ नये एवढंच मागितलं होतं, आणि अख्खी पंचक्रोशी त्यांच्या मागे उभी राहिली. बाया आघाडीवर होत्या. पदर खोचून, पोरं कडेवर घेऊन आल्या होत्या. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया त्यात होत्या.

मग भूखंड आले, पैसे आले, आणि त्याच बायांना नि त्यांच्या मुलींना एक नवा कागद दाखवला जाऊ लागला. हक्कसोडपत्र. बहिणीने लिहून द्यायचं की वडिलोपार्जित मिळकतीतला माझा हिस्सा मी स्वखुशीने भावांच्या लाभात सोडून देत आहे. "स्वखुशीने" हा शब्द त्यात असतोच. मी कित्येक माजी विद्यार्थिनींना विचारलंय, सही केलीस तेव्हा खूश होतीस का गं? हसतात. एकीने सांगितलं, "बाई, भाऊबीजेला साडी हवी असेल तर सही करायची असते." दुसरी म्हणाली, सही नाही केली तर माहेर तुटतं, आणि सासरी काही झालं तर जायचं कुठे?

कायदा कधीचा बदललाय. हिंदू घरांतल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. महाराष्ट्राने तर १९९४ लाच काही प्रमाणात दिला होता. २००५ ला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन बसा एक दिवस. बाकावर ओळीने बसलेल्या बहिणी दिसतील. आधारकार्ड हातात, भाऊ वडापाव आणून देतोय, आज त्याचं प्रेम उतू चाललंय. ज्या शेतात लहानपणी आवणीला यांच्या पाठी वाकल्या त्या शेतावरचं यांचं नाव आज अंगठ्याच्या ठशाने जातं. देवाने धनवानाला विचारलं होतं की हे सगळं कोणाचं होईल. आमच्याकडे त्याचं उत्तर तलाठी देतो. फेरफारात ज्याचं नाव, त्याचं!

आता कोणी म्हणेल, हे हिंदू आगरी-कोळी समाजाचं झालं, यात ख्रिस्ती उपदेश कुठे आला? येते तिकडेच येते आहे. दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दाखवायला मी हा लेख लिहायला घेतलेला नाही.

आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र केलेलं नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात सगळ्या मुलामुलींना सारखा वाटा. विधवाही नसेल तर सगळंच मुलांत सारखं. मुलगी लग्नाची की बिनलग्नाची हे हा कायदा विचारतसुद्धा नाही. म्हणजे वारशाच्या बाबतीत आमच्या मुली किती पुढे! आमची मंडळी हे अभिमानाने सांगतात. मीही सांगायचे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, आमच्याच समाजातली. परिचारिका होती, आता निवृत्त झाली. तिच्या वडिलांनी स्वस्ताईच्या काळात इथून जवळच थोडी जमीन घेऊन ठेवली होती. आई-वडील दोघेही गेले, मृत्युपत्र नाही, दोन भाऊ आणि ही. हिशोब तिसरीतल्या मुलालाही जमेल. पण भावांनी गिऱ्हाईक आणलं, रक्कम ठरवली आणि हिला फक्त सहीला बोलावलं. ती म्हणाली, मला माझा तिसरा हिस्सा हवा. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात कोणी काय केलं ते मी इथे सांगत नाही. वाटा म्हणजे सेवेचा मोबदला नव्हे. तिने काहीच केलं नसतं तरी तो तिचाच होता.

दोन महिन्यांपूर्वीच्या घरगुती प्रार्थनासभेत वाचनाला लूकचा बारावा अध्याय घेतला गेला. मी त्या खोलीत होते. हे वाचणारे माझे दोन नातेवाईकही तिथे होते, त्यांना आठवत असेलच. दाखला धनवानापासूनच सुरू झाला. त्यावर एका ज्येष्ठ गृहस्थांनी चांगली अर्धा तास टिप्पणी केली. लोभ, नाशवंत संपत्ती, कसर आणि जंग, सगळं आलं. बोलताना त्यांची नजर भिंतीशी बसलेल्या त्या मुलीवर होती. (मुलगी म्हणजे साठीची, पण माझ्यासाठी मुलगीच.) दोन्ही भाऊ दाराजवळच्या खुर्च्यांवर मान डोलवत बसले होते. शेवटी ते गृहस्थ तिला प्रेमाने म्हणाले, "बाळ, पृथ्वीवरच्या गुंठ्यांचं काय घेऊन बसलीस, तुझा वाटा स्वर्गात राखून ठेवलेला आहे."

मी विचारलं, "आणि भावांचा कुठे आहे?"

कोणीतरी घाईघाईने गीत सुरू केलं.

मंडळी, माझा मुद्दा तेवढाच आहे. स्वर्गातला वाटा जर खरंच मोठा असेल, आणि तो आहे असं मी मानते, तर भावांना तो आधी का सांगितला नाही? तिघांत ज्याच्या हातात तिन्ही हिस्से आहेत त्याने लोभाची गोष्ट ऐकायची की जिच्या हातात एकही नाही तिने? धनवानाचा दाखला धनवानाला सांगायचा असतो. कोठार ज्याचं भरलंय त्याला. रिकाम्या हाताच्या माणसाला तो सांगणं म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखं आहे.

येशूने वाटणी करायला नकार दिला, हे त्या गृहस्थांनी आवर्जून सांगितलं. म्हणजे येशूला वाटण्यांत रस नव्हता, तेव्हा बहिणीनेही सोडून द्यावं! हे तर्कशास्त्र मला झेपत नाही. न्यायाधीश व्हायला नकार देणं म्हणजे बळकावणाऱ्याच्या बाजूने निकाल देणं होतं का? येशूने "तुझा वाटा सोड" असं कोणाला म्हटल्याचं त्या परिच्छेदात मला तरी सापडत नाही. त्याने वाटणीच्या कामातून अंग काढलं आणि लगेच लोभाबद्दल बोलला, आणि तेही सगळ्या लोकांकडे वळून बोलला. तिथे वाटा मागणारा होता तसा तो दाबून बसलेला भाऊही होता, निदान त्याची गोष्ट तरी होती. आणि उदाहरण द्यायची वेळ आली तेव्हा येशूने निवडला तो ज्याच्याकडे ठेवायला जागा पुरत नाही असा माणूस. वाटा मागत फिरणाऱ्या गरिबाचा दाखलाही त्याला रचता आला असता.

दुसरं अस्त्र पौलाचं. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो कोर्टकचेऱ्या करणाऱ्या विश्वासणाऱ्यांवर रागावतो आणि विचारतो की त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, नुकसान का सोसत नाही. हे वचन अवघड आहे, ते मी टाळणार नाही. बहिणींना गप्प बसवायला याच्याइतकं सोयीचं वचन दुसरं नाही. पण त्याच्या मागचं-पुढचं वाचा ना! आधी पौल विचारतो की भावाभावांतला निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का. म्हणजे निवाडा व्हायला हवा, मंडळीत व्हायला हवा, हे तो धरूनच चाललाय. आणि सोसण्याबद्दल विचारल्यावर लगेच तो दुसऱ्या बाजूकडे वळतो आणि म्हणतो की उलट तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, आणि तेही आपल्या भावांना. आमच्या प्रार्थनासभेत निवाडा करणारा शहाणा माणूस कोणी शोधला नाही, लुबाडणाऱ्याला कोणी हटकलं नाही. सहाव्या अध्यायातलं मधलं एक वाक्य तेवढं उचललं आणि तिच्या पदरात टाकलं.

आणि पवित्र शास्त्रात बहिणींच्या वाट्याबद्दल काहीच नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी गणना या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय काढावा. सलाफहाद नावाच्या माणसाला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. पाचही जणींची नावं शास्त्रात दिलेली आहेत हे विशेष. त्या मोशेसमोर, याजकासमोर, सरदारांसमोर आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाच्या भाऊबंदांबरोबर आम्हालाही वतन द्या. मोशेने "मुलींनो, ऐहिक गोष्टींच्या मागे लागू नका" असं सांगितलं नाही. त्याने प्रकरण देवापुढे ठेवलं, आणि देव म्हणाला की या मुलींचं म्हणणं बरोबर आहे. तिथे भाऊ नव्हते म्हणून मिळालं, असं कोणी म्हणेल. मग ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट वाचा. सगळं गमावून पुन्हा उभा राहिलेला ईयोब आपल्या तीन मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन देतो. ऐहिक संपत्ती कशी एका दिवसात जाते हे ईयोबाइतकं कोणाला कळलं होतं? आणि ते कळल्यावर त्या माणसाने काय केलं? मुलींना वाटा दिला!

केरळातली गोष्ट आपल्याकडे पुरेशी माहीत नाही म्हणून सांगते, कारण तिथेही प्रश्न ख्रिस्ती मुलींचाच होता. जुन्या त्रावणकोर संस्थानात १९१६ चा एक वारसा कायदा होता. त्यात ख्रिस्ती मुलीला मुलाच्या चौथाई किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळायचं. जे कमी असेल ते, हं! कोट्टायमला शाळा चालवणाऱ्या मेरी रॉय या बाई त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये निकाल लागला की त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींनाही १९२५ चाच कायदा लागू. म्हणजे जो कायदा आमच्याकडे आजी-पणजीच्या काळापासून आहे तो तिथल्या बायांना कोर्टात जाऊन मिळवावा लागला. काही चर्चमधूनही त्या निकालाला विरोध झाला. मेरी रॉय २०२२ साली गेल्या. आम्ही मात्र कायदा आयता मिळालेला असून प्रार्थनासभेत बसून तो सोडवून घेतो.

आता वैराग्याबद्दल. माझ्या एका भाच्याने, मी हा विषय फोनवर काढल्यावर, रेव्हरंड टिळकांचं नाव घेतलं. आत्या, टिळकांनी सगळं सोडलं, आपण त्यांची गीतं गातो आणि आपणच गुंठे मोजायचे का?

चांगला प्रश्न आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर, नातीगोती, मान सगळं गमावलं. १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला. दोन वर्षांनी ते गेले. मी त्यांची गीतं गातच लहानाची मोठी झाले, त्यांच्याविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो कोणी मला शिकवायची गरज नाही. पण बाबा रे, टिळकांनी सोडलं ते स्वतःचं. दुसऱ्याकडून सोडवून घेतलं नाही. स्वतःच्या नावावर जमा करून घेऊन वर उपदेश केला नाही.

आणि टिळकांच्या बाबतीतही गोष्ट तिथे संपत नाही. त्यांच्या दातृत्वाचा भार कोणाच्या पाठीवर होता ते कळायला लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रं वाचावी लागतात. घरातला पैसा आणि भांडीकुंडी टिळक कधी कोणाला देऊन बसतील याचा नेम नसे, आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची ती लक्ष्मीबाईंनी. त्या हे सगळं हसत सांगतात, म्हणून आपणही हसतो. शाळेत धडा शिकवताना मुलं खो खो हसायची. पण हसून झाल्यावर मी नेहमी एक प्रश्न विचारायचे. दान टिळकांनी केलं, उपास कोणी काढला? टिळक संत होते असं मी मानते. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यामागे अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन पुरं केलं, आणि स्वतःचं पुस्तक लिहिलं, त्यामुळे हा हिशोब निदान आपल्यापर्यंत पोचला. संताच्या घरातसुद्धा वैराग्याची किंमत बाईने मोजली असेल, तर जिथे संतही नाहीत तिथलं काय बोलावं!

तेव्हा भाच्या, तुला टिळकांसारखं सोडायचं असेल तर खुशाल सोड. स्वतःचं सोड. मी टाळ्या वाजवीन.

आत्मिक जीवन म्हणजे हिशोबाच्या पलीकडचं काहीतरी, असा एक समज आमच्यात पसरलाय. पैशाचं बोललं की माणूस ऐहिक, नाही बोललं की आत्मिक. हे कुठून आलं कोण जाणे. जक्कयाची गोष्ट आठवा. जकातदारांचा मुख्य, पैसेवाला, बुटका, झाडावर चढून बसलेला. रविवारच्या शाळेतल्या मुलांचा हा फार आवडता. येशू त्याच्या घरी जातो. आणि त्या घरी जक्कय काय करतो? डोळे मिटून प्रार्थना करतो असं लिहिलेलं नाही. तो उभा राहून आकडे सांगतो. अर्धं धन गरिबांना, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर त्याच्या चौपट परत. त्यावर येशू म्हणतो की आज या घराला तारण मिळालं. हिशोब झाला त्याच दिवशी तारण आलं. आमच्याकडे तारण आधी मिळतं, साक्ष दिली जाते, उपासनेत बोलायला उभं राहता येतं, बहिणीचा हिस्सा मात्र तसाच राहतो.

हे लिहिताना मला त्या भावांची कीव येते, हेही खरं. पनवेलमध्ये मी काय कमी पाहिलंय? भूखंड विकून आलेल्या पैशात तीन मजली बंगला, खाली संगमरवर, गाडी, हळदीला हजार माणसं आणि भिंती हादरवणारा डीजे. आमच्या लग्नांतही आता तेच. केकचे मजले मोजायचे. मग पाच-सात वर्षांत पैसा संपतो, मुलगा काही करत नाही, आणि मोठ्या कोठारात दोन म्हातारी माणसं टीव्ही बघत बसलेली असतात. बहीण येत नाही, तिला कोणी बोलावत नाही. रविवारी चर्चमध्ये एकाच बाकावर बसतील पण एकमेकांना सलाम करणार नाहीत. हे व्यर्थ नाही तर काय? उपदेशक या पुस्तकाचा लेखक पनवेलला येऊन गेला असता तर त्याला नवीन काही लिहावं लागलं नसतं. या माणसांना त्या दाखल्याची खरी गरज आहे. त्यांच्यावर माया असेल तर त्यांच्या तोंडावर तो वाचायला हवा. त्या ज्येष्ठ गृहस्थांनी बहिणीला गप्प केलं, पण भावांवरही उपकार केले नाहीत. लोभाच्या दारातून त्यांना मागे ओढायची संधी होती ती घालवली.

आणि तिला? तिला तिचा हिस्सा मिळाला की तोच दाखला मी तिलाही वाचून दाखवणार आहे. सवलत नाही. मिळालेल्या पैशाचं ती काय करते, कोठार बांधते की आणखी काही, हे मी विचारणार, कारण मी तिची बाई आहे. ती हसून म्हणाली, "बाई, आधी मिळू तर दे." बरोबर आहे तिचं. रिकाम्या हाताने दान करता येत नाही, आणि जे आपल्याला कधी मिळालंच नाही ते सोडल्याचं पुण्य कोणी लावून घेऊ नये.

माझ्यावर म्हणाल तर हा प्रसंग कधी आला नाही. वडिलांच्या मागे वाटण्यासारखं काही नव्हतंच. पेटी होती ती थोरल्या दादाकडे गेली, आणि ती वाजवायला येत होती त्यालाच. माझा सूर तेव्हाही बेसूर होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. असो.

ज्या दोन नातेवाईकांचा वर उल्लेख केला त्यांनी मला फोन करून "तू घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणतेस" असं म्हणू नये. मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. सही अजून झालेली नाही, सौदाही अडलेला आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही. भावांना ओळखणारे तुम्ही दोघे आहात. तुमचं ते ऐकतात, माझं ऐकणार नाहीत. पौलाने विचारलेला शहाणा माणूस व्हायची संधी तुम्हाला आहे. तिघांना एका खोलीत बसवा, कागद-पेन घ्या, गिऱ्हाईकाने सांगितलेली रक्कम लिहा आणि तिनाने भागा. प्रार्थना आधी करा की नंतर, ते तुमचं तुम्ही ठरवा.

पुढची प्रार्थनासभा आमच्या घरी आहे. वाचन निवडायचा मान ज्यांच्या घरी सभा त्यांचा, ही आपली जुनी पद्धत. मी गणना सत्तावीस निवडलं आहे, आणि त्यानंतर लूक बारा, पण या वेळी तेराव्या ओवीपासून, वाटणी मागणाऱ्या माणसापासून. दोन्ही भावांना आमंत्रण गेलं आहे, त्या ज्येष्ठ गृहस्थांनाही. कांदेपोहे आणि चहा असेल. संध्याकाळी साडेसहा, आणि कृपा करून वेळेवर या.